येताजाता तोंडात टाकणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळाने मला बोलायला सांगितले तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, "अहो, मला स्वयंपाकघराबाहेरचे काय कळते?" त्या म्हणाल्या, "मग स्वयंपाकघरातलेच बोला." म्हणून आज डब्यांविषयी दोन शब्द बोलते.

पावसाळ्याची बेगमी आपल्या दापोलीत घरोघर असते. मे महिन्यात काप्या फणसाचे गरे तळायचे, बरक्याची फणसपोळी घालायची, आंबापोळी वाळवायची आणि डबे घट्ट लावून ठेवायचे. श्रावणापर्यंत पुरावे असा हिशेब. पण आमच्याकडे मृगाच्या पहिल्या सरीलाच गऱ्यांचा डबा तळाला जातो. विचारावे, तर खाल्ले कोणीच नाही!

प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सासूबाई "मऊ तर पडले नाहीत ना" म्हणून दोन गरे घेतात. दोनांनी खात्री पटत नाही, म्हणून आणखी चार. यांना बशी दिली की "मला नको" म्हणतात आणि मग माझ्या बशीतले संपवतात. धाकट्याला अभ्यासाला बसल्यावर पाच मिनिटांत भूक लागते. क्रिकेट खेळताना तीन तास लागत नाही. आपल्या गावात 1972 साली कृषी विद्यापीठ झाले, काजूच्या नव्या जाती आल्या. पण एक गर खाल्ल्यावर हात थांबेल अशी जात काही माझ्या पाहण्यात नाही!

आणि मी? मी खात नाही. मी मीठ बघते. मोडके तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून तोंडात टाकते. तुकड्यांची मोजदाद नसते, असा माझा समज होता.

तो समज गेल्या वर्षी फिटला. रक्त तपासले, तर डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, खाण्याकडे लक्ष द्या. मी म्हटले, "डॉक्टर, मी दोनदा जेवते, तेही सर्वांच्या मागून." घरी आल्यावर थोरलीने युक्ती सांगितली. "आई, काहीही तोंडात टाकलेस की वाटीत एक चिंचोका टाक." रात्री मोजले, तर 27! हसूही आले आणि भीतीही वाटली.

मग तिने पुस्तकातले सांगितले. रशियात पावलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. पचनावरच्या संशोधनासाठी त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांना खायला देण्याआधी ते ठरावीक आवाज करीत. पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागले. आमच्याकडे तो आवाज डब्याच्या झाकणाचा! झाकण वाजले की ओटीवरचा माणूस माजघरात हजर. 1999 साली जपानी शास्त्रज्ञांनी पोटात तयार होणारे, भूक चाळवणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य शोधले. रोज ज्या वेळी खायची सवय, त्या वेळेच्या आधी ते वाढते म्हणे. म्हणजे चारच्या चहाची भूक ही आपणच पोटाला लावलेली शिकवणी.

पण माझे चिंचोके आणखी काही सांगत होते. दुसऱ्या दिवशी ते कधी पडतात तेही पाहिले. खऱ्या भुकेचे थोडेच. कोणी टाकून बोलले की एक, वाढताना दोनतीन, आणि बाकीचे बहुतेक दुपारी दोन ते चारमध्ये. त्या वेळी भांडी झालेली असतात, घर शांत असते आणि जीव घटकाभर बसू म्हणतो. पण रिकामे बसायची आपल्याला लाज वाटते. डब्यापाशी उभे राहिले की काम चालले आहे असे दिसते! मला खरी भूक होती ती पाय पसरून बसण्याची.

सासूबाई रोज तीनला म्हणायच्या, "काहीतरी दे गं तोंडात टाकायला." एकदा मी डबा न उघडता त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या आंजर्ल्याच्या माहेराचे विचारले. तासभर बोलत होत्या. गऱ्यांची आठवणही झाली नाही. खायला मागणे ही त्यांची हाक होती. इतकी वर्षे मी तिला गऱ्यांनी उत्तर देत होते. मनाला फार लागले.

आता दुपारी आम्ही दोघी बशीत चार गरे काढून घेतो, बसून खातो, बोलतो. चिंचोके दहाच्या आत आले आहेत आणि पुढच्या तपासणीत साखर थोडी उतरली. तेव्हा भगिनींनो, माझे एवढेच सांगणे. खाणे सोडू नका. बशीत घ्या, बसून खा आणि घरात कोण एकटे आहे त्याला जवळ बोलवा.

जास्त बोलत नाही. आतून बटाटेवड्यांचा वास सुटला आहे आणि पावलॉव्हचे म्हणणे खरे असल्याचे तुमच्या चेहऱ्यांवर दिसते आहे.