दारावर पहारा, कारखान्यात काळोख



अल्पवयीन मुलांना प्रौढांच्या करमणुकीपासून दूर ठेवावे की नाही, याविषयी समाजवाद्यांत दोन मते असण्याचे कारण नाही. वाद आहे तो धंदेवाल्याचे दायित्व नेमके कोठे ठेवायचे याचा. अमेरिकेतील घटकराज्यांनी २०२२ पासून या विषयावर कायद्यांची जी रांग लावली, तिचा अभ्यास याच दृष्टीने व्हावयास हवा.

पूर्वपीठिका अर्थातच जुनी आहे. १९६८ साली ‘गिन्सबर्ग विरुद्ध न्यूयॉर्क राज्य’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका छोट्या दुकानदाराची शिक्षा कायम केली. त्याने सोळा वर्षांच्या मुलाला नग्न चित्रांची मासिके विकली होती. प्रौढाला जे वाचण्याचा हक्क आहे, तेही मुलाला विकण्यास राज्य मनाई करू शकते, हे तत्त्व तेव्हा रुजले. त्या व्यवस्थेत दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहावे, शंका आल्यास वयाचा दाखला मागावा, एवढीच अपेक्षा होती. गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडले की त्याने काय घेतले याची नोंद कोठेही उरत नसे.

इंटरनेट आले आणि हा सोपा व्यवहार मोडला. केंद्रीय कायद्यांचे दोन प्रयत्न १९९७ व २००४ साली मतस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर न्यायालयात अडले. मग राज्ये पुढे सरसावली. लुइझियानाचा कायदा १ जानेवारी २०२३ रोजी अमलात आला. ज्या संकेतस्थळावरील एकतृतीयांशाहून अधिक मजकूर अल्पवयीनांस हानिकारक असेल, त्याने प्रत्येक प्रेक्षकाचे वय पडताळावे. न पडताळल्यास मुलाला झालेल्या हानीची भरपाई द्यावी, असे हे कलम. मालाने केलेल्या नुकसानीचा भार माल विकणाऱ्याने उचलावा, हे तत्त्व कामगार चळवळीला परके नाही. आपल्याकडील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा गाभा याच जातीचा होता. तेव्हा या कायद्यांना केवळ सनातन्यांचा उद्योग म्हणून झटकून टाकणे बरोबर होणार नाही.

परंतु ‘एकतृतीयांश’ या शब्दाकडे नीट पाहावे. ज्या बलाढ्य समाजमाध्यमावर अश्लील चित्रफितींचा ढीग असेल, पण बाकीचा पसारा त्याहून अवाढव्य असेल, ते या मापातून सुटते. टेक्सासच्या २०२३ च्या कायद्याने केवळ वाट दाखविली म्हणून शोधयंत्रांना जबाबदार धरता येणार नाही, असेही लिहून टाकले. मुले प्रत्यक्षात जेथे वावरतात ती जागा मोकळी राहिली आणि दायित्व टक्केवारीवर टांगले गेले. टक्केवारीने मोजलेल्या दायित्वात मोठा भांडवलदार सुटतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

अंमलबजावणीची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. युटाने सरकारी अधिकाऱ्याऐवजी खाजगी दाव्यावर भिस्त ठेवली. परिणामी २०२३ साली धंदेवाल्यांनी कायद्याला आव्हान दिले तेव्हा, अंमलबजावणी करणारा सरकारी अधिकारीच नसल्याने आव्हान कोणाविरुद्ध द्यायचे, या मुद्द्यावर दावा फेटाळला गेला. राज्याने स्वतःचे कर्तव्य बाजारातील वकिलांकडे ठेक्याने द्यावे, हा प्रकार मुलांच्या नावाने झाला तरी स्वागतार्ह नाही. टेक्सासने मात्र दंडाचा अधिकार राज्याकडे ठेवला: दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत, आणि मूल आत शिरल्याचे आढळल्यास आणखी २,५०,००० डॉलरपर्यंत. तो कायदा २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरविला. न्यायमूर्ती एलेना केगन यांचे विरोधी मत समतोल आहे. कडक कसोटी लावूनही हा कायदा कदाचित टिकेल, पण प्रौढांचा हक्क गरजेपेक्षा अधिक आवळला जातो की काय, हे न तपासता त्याला सोडता येत नाही, असा त्याचा आशय. वयाचा पुरावा साठवून ठेवण्यास कायद्याने बंदी आहे हे खरे; पण तो साठविला गेला नाही, हे सामान्य माणसाला कळावे कसे?

धंद्याने काय केले? पॉर्नहब चालविणाऱ्या एलो कंपनीने लुइझियानात राज्याच्या डिजिटल परवान्याद्वारे पडताळणी स्वीकारली. तेथे प्रेक्षकसंख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली असे कंपनीच सांगते. युटातून मे २०२३ मध्ये आणि टेक्सासमधून मार्च २०२४ मध्ये तिने काढता पाय घेतला. गिऱ्हाईक त्यामुळे नाहीसे होत नाही. कायदा न जुमानणाऱ्या परदेशी संकेतस्थळांकडे ते सहज वळू शकते.

मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. हे सारे कायदे मालाच्या दाराशी उभे आहेत. माल बनतो तेथे त्यांचे पाऊल पडत नाही. पडद्यावरची मुलगी सज्ञान होती का, तिची संमती होती का, तिला काय मिळाले, हे प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. निर्मात्यांनी कलाकारांच्या वयाच्या नोंदी ठेवाव्यात असा केंद्रीय कायदा १९८८ पासून आहे. पण इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाला १९९६ च्या कायद्याने मोठे संरक्षण दिले. डिसेंबर २०२० मध्ये वृत्तपत्रातून बोभाटा झाला आणि व्हिसा व मास्टरकार्ड यांनी देणी स्वीकारणे थांबविले, तेव्हा काही दिवसांतच पॉर्नहबने लाखो अपडताळित चित्रफिती उतरविल्या. न्यायालये वर्षानुवर्षे खल करीत राहिली, ते काम नफ्याची नळी दाबताच झाले! संमतीविना टाकलेली चित्रे तक्रारीनंतर ४८ तासांत काढावीत, असा केंद्रीय कायदा व्हावयास मे २०२५ उजाडले.

भारतात हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नववे कलम अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागते. मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यासही ते मनाई करते. भंगाचा दंड २०० कोटी रुपयांपर्यंत आहे. ही कारखान्याच्या आत शिरणारी तरतूद आहे, म्हणून तिचे मोल अधिक. मात्र त्याच कलमात काही वर्गांना सूट देण्याची सोय ठेवलेली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात त्या सुटींची यादी आहे. ती यादी पुढे कोणाच्या विनंतीवरून लांबते, यावर कार्यकर्त्यांनी आतापासूनच नजर ठेवावयास हवी.