केसभर चूक, वीतभर अंतर

(मुळशी तालुक्यात भरलेल्या युवकांच्या निवासी शिबिरात सैन्यातून निवृत्त झालेल्या आणि आता नेमबाजी शिकविणाऱ्या एका प्रशिक्षकांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



काल रात्री भोजनानंतर तुमच्यापैकी काही जण माझ्याभोवती जमले होते. पहिलाच प्रश्न आला, "सर, सैन्यातल्या अर्धस्वयंचलित रायफलीवर कोणती दुर्बीण असते? किती पॉवरची?" एका पालकांनीही विचारले, "मुलाला बालेवाडीला नेमबाजी शिकवायची आहे. चांगली दुर्बीण परदेशातून मागवून ठेवू का?" दोन्ही प्रश्नांमागे एकच समजूत होती की, दुर्बीण बसविली म्हणजे नेम बसतो. आज मला त्या समजुतीविषयीच बोलावयाचे आहे.

प्रथम कायद्याविषयी. आपल्या देशात शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. लष्करी जातीच्या अर्धस्वयंचलित रायफली सामान्य नागरिकासाठी नाहीत. त्या सैन्याच्या आणि सुरक्षा दलांच्या हाती असतात आणि तेथेच असाव्यात. तेव्हा आजचे माझे बोलणे सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आणि परवानाप्राप्त रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हा खेळ शिकू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय? ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. मात्र रिकामे काडतूस बाहेर फेकणे आणि नवे आत घेणे ही कामे रायफल स्वतः करते. गोळीमागच्या वायूच्या दाबाने बोल्ट वेगाने मागे जातो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येतो. म्हणजे प्रत्येक गोळीमागे रायफलीवरच्या दुर्बिणीला तीन धक्के बसतात : एक गोळी सुटल्याचा, दुसरा बोल्ट मागे आदळल्याचा आणि तिसरा तो पुढे आदळल्याचा. अशा रायफलीवरची दुर्बीण निवडताना आणि बसविताना याचा विसर पडता कामा नये.

आपल्या सैन्याने अनेक वर्षे वापरलेली ड्रागुनोव्ह रायफल हे याचे उत्तम उदाहरण होय. सोव्हिएत सैन्याने ती १९६३ मध्ये स्वीकारली. तिच्या मॅगझिनमध्ये १० काडतुसे मावतात. तिच्यावरच्या दुर्बिणीची पॉवर किती असेल? तुमच्यापैकी कोणी काल १२ म्हणाले, कोणी २०. ती आहे अवघी ४! पुढच्या भिंगाचा व्यास २४ मिलिमीटर. हे काटकसरीपोटी केलेले नाही. दुर्बीण लक्ष्याबरोबर तुमच्या हाताचा कंपही मोठा करून दाखविते. पॉवर वाढली की दिसणारे क्षेत्र आकुंचन पावते आणि उन्हात तापलेल्या जमिनीवरची हवेची थरथर डोळ्यांपुढे नाचू लागते. शिवाय एक साधा भागाकार लक्षात ठेवा. भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. २४ भागिले ४ म्हणजे ६ मिलिमीटर. संधिप्रकाशात आपली बाहुली साधारण तेवढीच उघडते. त्याच भिंगाला १२ पॉवर दिली तर हाती येतात २ मिलिमीटर, आणि सायंकाळी नेमक्या गरजेच्या वेळी समोर काळोख होतो. पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण घेणाऱ्या कुटुंबांनीही हा भागाकार दुकानातच करून पाहावा.

निवडीची दुसरी कसोटी आपल्या हवेची. ताम्हिणी घाटातला पाऊस तुम्हाला सांगावयास नको. ज्या दुर्बिणीतली हवा काढून नायट्रोजन भरलेला नाही आणि जिचे सांधे पक्के बंद नाहीत, तिच्या काचा पहिल्याच पावसाळ्यात आतून धुरकट होतात आणि पुढे बुरशी धरतात. तेव्हा पॉवरचा आकडा पाहण्याआधी तिची बांधणी पाहावी. ती धक्का आणि ओल सोसणारी असावी.

आता बसविण्याविषयी. खरे काम येथे आहे.

पहिली गोष्ट, रायफल रिकामी करणे. मॅगझिन काढावे, बोल्ट उघडावा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. नंतर तेच पुन्हा करावे. "रिकामीच आहे" असे दुसऱ्याने सांगितले तरी करावे. या बाबतीत विश्वास हा गुण नव्हे.

दुसरी गोष्ट, बैठक. ड्रागुनोव्हचे वरचे झाकण पातळ पत्र्याचे असून साफसफाईसाठी ते काढावे लागते. जे रोज निघते त्यावर दुर्बीण बसविली तर ती रोज वेगळी बसणार. म्हणून तिची पट्टी डाव्या बाजूला, रायफलीच्या भक्कम अंगावर दिलेली आहे. आजच्या बहुतेक रायफलींवर खाचांची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी वरच असते. तेथेही नियम तोच. दुर्बिणीच्या दोन्ही कड्या एकाच अखंड भागावर असाव्यात. एक कडी मुख्य अंगावर आणि दुसरी नळीवरच्या आवरणावर असे करू नये. नळी तापते, आवरण हलते आणि दोन कड्या दोन दिशांना ओढू लागतात. बसविण्यापूर्वी पट्टीवरचे तेल स्वच्छ पुसावे. तेलावर पकड टिकत नाही. रिकामे काडतूस बाहेर पडण्याची वाट अडत नाही, हेही पाहावे.

तिसरी गोष्ट, डोळ्याचे अंतर. डोळे मिटून गाल दस्त्यावर नेहमीसारखा टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. पूर्ण गोल चित्र दिसले तर अंतर योग्य आहे. कडेला काळी कोर दिसली तर दुर्बीण पुढे-मागे करावी. मान ताणून जुळवून घेऊ नये. ही परीक्षा उभ्याने, बसून आणि पोटावर झोपून अशा तिन्ही अवस्थांत घ्यावी, कारण झोपल्यावर डोळा नकळत पुढे सरकतो. अंतर कमी ठेवणाऱ्यांच्या भुवईवर दुर्बीण आपली अर्धचंद्राकार सही करते. सैन्यात अशा सह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

चौथी गोष्ट, सरळपणा. आपल्या गवंड्याकडे ओळंबा असतो. तो समोर टांगावा आणि दुर्बिणीतली उभी रेषा त्याच्या दोरीशी जुळवावी. रेषा कलती राहिली तर जवळच्या अंतरावर काही कळत नाही, पण अंतर वाढेल तशी गोळी बाजूला जाऊ लागते.

पाचवी गोष्ट, स्क्रू. मोटारीच्या चाकाचे नट आपण समोरासमोरचे, थोडे थोडे आवळतो. येथेही तसेच करावे. सर्व बळ लावून पिळू नये, त्याने दुर्बिणीची नळी चेपते. बनविणाऱ्याने सांगितलेला जोर मोजून देणारा पाना वापरावा आणि शेवटी प्रत्येक स्क्रूवर रंगाची बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे न विचारता कळते.

या पाचव्या गोष्टीचा धडा मी स्वतः गिरविलेला आहे. तरुणपणी एका सरावात माझ्या गोळ्या एकाएकी विखरू लागल्या. मी वाऱ्याला दोष दिला, मग काडतुसांना, शेवटी स्वतःच्या श्वासाला. एक नव्हे, तीनदा दुर्बिणीचे बटण फिरवून दुरुस्ती केली. दुपार संपत आली तेव्हा आमचे उस्ताद आले. एक शब्द न बोलता त्यांनी दोन बोटांनी दुर्बीण धरली आणि हळूच हलविली. ती हलली! सकाळी ती मीच बसविली होती. ते एवढेच म्हणाले, "सरावात हलली, बरे झाले."

त्या वाक्याचा अर्थ मला नंतर गणिताने कळला. दोन कड्यांत १० सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. त्यातली एक कडी एक दशांश मिलिमीटर, म्हणजे एका जाड केसाएवढी सरकली, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकते आणि ३०० मीटरवर ३०, म्हणजे वीतभराहून अधिक. आपला एक सहकारी पुढे सरकत आहे आणि त्याचे रक्षण या दुर्बिणीवर सोपविलेले आहे, असे क्षणभर डोळ्यांसमोर आणा. केसभर ढिलाईची किंमत तेव्हा कळते.

म्हणून बसविल्यानंतर दुर्बीण झीरो करावी लागते. प्रथम २५ मीटरवर आणि मग १०० मीटरवर. एका गोळीवरून कधीही दुरुस्ती करू नये. तीन ते पाच गोळ्या एकाच नेमाने झाडाव्यात, त्यांच्या समूहाचा मध्य पाहावा आणि मगच बटणाला हात लावावा. पुष्कळ दुर्बिणींत बटणाचा एक टिचका १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर सरकवितो. समूहच विखुरलेला असेल तर दोष बटणाचा नाही. तो बैठकीत आहे किंवा आपल्यात. कोठे आहे ते आधी शोधावे.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. म्हाळुंगे हे मूळचे आपल्या मुळशी तालुक्यातले गाव. तेथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तेथे झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच बालेवाडीच्या रेंजवर घडला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन अवस्था या प्रकारात त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी पदक मिळविल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रकारात ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ केवढे असते? १०.४ मिलिमीटर, आपल्या शर्टाच्या बटणाएवढे. आणि त्याच्या रायफलीवर दुर्बीण किती पॉवरची होती? दुर्बीण नव्हतीच! ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. मागे एक बारीक छिद्र, पुढे एक कडे, आणि मधोमध लक्ष्याचा काळा ठिपका. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळविणाऱ्या तेजस्विनी सावंत यांनीही तसाच नेम धरला होता.

तेव्हा त्या पालकांना माझे नम्र सांगणे असे की, दुर्बीण मागवू नका. मुलाला एनसीसीत घाला. अंजली भागवत यांना नेमबाजीची गोडी तेथेच लागली. किंवा रेंजवर प्रशिक्षकाकडे एअर रायफलीने प्रारंभ करा. पहिले काही महिने त्याला गाल टेकविणे, श्वास सोडणे आणि ट्रिगर सावकाश दाबणे एवढेच करू द्या. घरी आल्यावर "किती गुण मिळाले?" असे विचारू नका. "साइटचे स्क्रू तपासलेस का?" असे विचारा.

द्रोणाचार्यांनी शिष्यांना काय दिसते ते विचारले होते, धनुष्य कोणते आणले ते नव्हे. दुर्बीण नेम दाखविते. साधायचा तो आपण. आणि ती खरे दाखविते की नाही, हे पाहणेही आपलेच काम. उद्या सकाळच्या सत्रात रिकाम्या एअर रायफलीवर साइट बसविण्याचा सराव आहे. ज्याला पहिल्यांदा यायचे असेल त्याने ओळंबा घेऊन यावे.