उत्तर न मागणारे प्रश्न



क्वेकर म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना ओट्सचा डबा आठवेल. त्या कंपनीचा क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाशी काही संबंध नाही. प्रामाणिकपणाची खूण म्हणून तिने १८७७ मध्ये नाव तेवढं उचललं. पण कुणी उसनं घ्यावं इतकी त्या नावाला बाजारात पत होती, हे खरं. ती पत कशी आली, याबद्दल आज बोलू.

तुकोबांचं वैकुंठगमन १६५० चं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५२ मध्ये, क्वेकर पंथ ज्याने उभा केला तो जॉर्ज फॉक्स नावाचा तरुण उत्तर इंग्लंडातल्या पेंडल टेकडीवर चढला. लहानपणी त्याने चांभाराकडे उमेदवारी केली होती. त्या टेकडीवर त्याला फार मोठा जनसमुदाय जमताना दिसला, असं त्याने लिहून ठेवलंय. तुकोबा जिथे चिंतनाला बसत तो आपला भामचंद्र डोंगर इथून फार लांब नाही; चाकणच्या कारखान्यांच्या शेडांवरून मान वर केली की दिसतो. तुकोबा आणि फॉक्स या दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. तरी देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे दोघांनीही आपापल्या लोकांना बजावलं. तुकोबा दुकानदारीच्या, सावकारीच्या घरातले. १६३० च्या दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. भक्तीचा पहिला परिणाम असा हिशेबाच्या कागदांवर दिसला.

फरकही सांगतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की वक्त्याने फॉक्सला वारकरी करून टाकलं. आपल्याकडे टाळ-मृदंग, नाम, कीर्तन. जुन्या पद्धतीच्या क्वेकर सभेत पुरोहित नाही, मूर्ती नाही, गाणं नाही. तासभर सगळे गप्प बसतात आणि आतून अगदीच राहवलं नाही तर एखादा उठून चार वाक्यं बोलतो.

आता मुख्य गोष्ट. बिनपुरोहिताचे हे लोक रोजचं वागणं सांभाळतात कसं? त्यांच्याकडे आज्ञांची यादी नाही, प्रश्नांची आहे. सुरुवातीला हे प्रश्न अगदी रुक्ष होते. १६८२ मध्ये लंडनच्या वार्षिक सभेने ठिकठिकाणच्या मंडळींकडून माहिती मागवली: या वर्षी तुमचे कोण उपदेशक वारले, तुरुंगात किती जण मेले, सत्याचं काम कसं चाललंय. तो काळ क्वेकरांना धरून तुरुंगात टाकण्याचा होता, त्यामुळे ही माहिती लागायचीच. पुढे छळ ओसरला आणि प्रश्न आत वळले. व्यवहारात तुमचा शब्द खरा असतो का? कर्ज वेळेवर फेडता का? घरात प्रेमाने राहता का? आपलंही चुकत असेल, हे मनात ठेवता का?

तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी कंपनीत ऑडिट पाहिलंय. ऑडिटर प्रश्न विचारतो, पुरावा मागतो, टिक करतो, निघून जातो. क्वेकरांचा प्रश्न सभेत मोठ्याने वाचला जातो आणि तिथेच सोडून दिला जातो. टिक करायला रकानाच नाही. त्यामुळे तो सुटत नाही, घरी येतो. १६५६ मध्ये बाल्बी गावच्या ज्येष्ठांनी पहिला सल्ल्यांचा कागद पाठवला, त्याच्या शेवटी त्यांनी स्वतःच लिहिलं की याचा नियम करून त्यालाच चिकटून बसू नका. स्वतःच्या कागदाविषयी असं लिहिणारी समिती मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

याने होतं काय? जॉन वूलमन हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा क्वेकर, शिवणकाम आणि दुकान चालवणारा. तरुणपणी मालकाने त्याला एका गुलाम बाईचं विक्रीखत लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं, पण लिहिताना जीव कासावीस झाला आणि तसं त्याने मालकाला तोंडावर सांगितलं. पुढे असे कागद लिहायचं त्याने नाकारलं. दुकान फार वाढायला लागलं तेव्हा ते आवरतं घेतलं आणि शिवणकामावर भागवलं. मग गावोगाव हिंडून गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्याच घरी तो बसला. आरडाओरडा केला नाही, विचारत राहिला. अखेर १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवलं की गुलाम ठेवील त्याला पंथात जागा नाही. मात्र जर्मनटाउनच्या क्वेकर मंडळींनी गुलामगिरीविरुद्ध पहिला लेखी निषेध दिला होता १६८८ मध्ये. म्हणजे मध्ये ८८ वर्षं गेली. वरिष्ठ सभांनी तो कागद बाजूला ठेवून दिला होता. प्रश्न विचारणाऱ्या धर्माचा हा दोष मी झाकणार नाही. प्रश्न कुजतही पडतात.

आपल्या कारखान्यांच्या पट्ट्याशी क्वेकरांचं नातं जवळचं आहे. दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळायचं तंत्र १७०९ मध्ये इंग्लंडातल्या कोलब्रुकडेलला ज्याने बसवलं, तो अब्राहम डार्बी क्वेकर. भोसरीतल्या फाउंड्रीवाल्यांचा तो पूर्वजच म्हणायचा. त्या काळी कोणाचं दिवाळं निघालं तर सभेची माणसं घरी येऊन वह्या बघत, आणि लोकांचा पैसा बेफिकिरीने बुडवला असेल तर त्याला पंथाबाहेर काढत. शपथ घ्यायला ते नकार देत. शपथेवर खरं बोलायचं तर एरवी खोटं चालतं का, असं त्यांचं म्हणणं. दुकानात घासाघीस नाही, एकच भाव. लहान मूल पाठवलं तरी तोच. बाजारातली पत आली ती इथून.

आता इथे बघू. एखाद्या शेडमध्ये रात्रपाळीला मायक्रोमीटर न लावताच इन्स्पेक्शन रिपोर्ट भरला जातो. सूक्ष्म आणि लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यावं, असा २००६ चा कायदा आहे. ते किती जणांचं किती दिवसांनी निघतं, ते या सभागृहातल्या वर्कशॉपवाल्यांनी मनातल्या मनात सांगावं. एकादशी न चुकवणारा माणूसही यातून सुटलेला नाही. गळ्यातली माळ आणि हातातलं रजिस्टर यांची गाठ घालून देणारं कोणी नाही, ही आपली अडचण.

बाहेरून पंथ आणायची गरज नाही. मार्जरी साइक्स या क्वेकर शिक्षिका सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीचे शिक्षक घडवत होत्या. तिथेही त्यांनी कोणाला क्वेकर केलं नाही. प्रश्न मात्र घेण्यासारखे आहेत. महिन्यातून एकदा शिफ्ट संपल्यावर मालक, सुपरवायझर, ऑपरेटर यांनी अर्धा तास एकत्र बसावं, तीन प्रश्न वाचावेत आणि उठावं. उत्तर कोणी कोणाला द्यायचं नाही. त्याचा फ्लेक्स लावू नका, इन्क्रिमेंटशी जोडू नका. जोडलंत की त्याचं ऑडिट झालंच. वाचायला मालकाने सुरुवात करावी, आणि पहिला प्रश्न ठेकेदाराकडच्या पोरांच्या पगाराचा असावा.