यंदा रिंगणात घोडी का नाही

(शताब्दी सोहळ्याच्या तयारीसाठी विठ्ठल मंदिरात भरलेल्या बैठकीतील भाषण)



आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. कीर्तनाला उभं राहिलं की पांडुरंग बोलवून घेतो, पण आज कीर्तन नाही. आज एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. महिनाभर जो भेटेल तो विचारतो, "महाराज, दिंडीला शंभर वर्षं झाली, आणि रिंगणात घोडी नाही?"

नाही. का नाही, ते ऐका.

जुनी घोडी गेल्या पौषात गेली. ती थकली तेव्हाच सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून एक शिंगरू आणून ठेवलं होतं. ते आता अडीच वर्षांचं झालं. दिसायला भरलेली घोडी दिसते, पण पाठ अजून कच्ची आहे. दुधाचे दात पडून नवे यायला लागलेत. तोंडात कडियाळं घातलं की ती मान झटकते. बघणारे म्हणतात, हट्टी आहे. हट्टी कसली, तिचे दात ठणकतात! अशा जनावरावर स्वार बसवून रिंगणात सोडायचं का?

आम्ही एकदा अशीच घाई केली आहे. जुन्या माणसांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो.

तेव्हा आम्ही पंचविशीत होतो. आमचे वडील एक घोडं तयार करायला दोन वर्षं घ्यायचे. त्या साली ते आजारी पडले आणि आम्ही पाच आठवड्यांत घोडी तयार केली. शेतात एकटी असली की झकास पळायची. प्रस्थानाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात रिंगण लागलं नि शंभर-दीडशे टाळ एकदम वाजले. घोडीनं असला आवाज जन्मात ऐकला नव्हता. ती मागच्या पायांवर उभी राहिली. आम्ही घाबरून दोन्ही हातांनी लगाम ओढला, तशी ती आणखीच उठली. आम्ही खाली, आणि ती रांग मोडून उधळली. डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी आडवी झाली, पाय मोडला. कधी न चुकलेली तिची वारी त्या साली चुकली. आमच्यामुळं चुकली.

संध्याकाळी आम्ही काय केलं? चाबूक घेऊन घोडीला झोडपलं. वडील अंथरुणातून उठून आले, चाबूक काढून घेतला आणि म्हणाले, "पोरा, दुपारच्या पळण्याचा हा मार आहे, हे तिला कसं कळंल? तिला एवढंच कळतंय की तू मारतोस." कीर्तनात आम्ही लोकांना मन आवरायला सांगतो. त्या दिवशी आवरायचं होतं ते आमचं मन.

मग वडिलांनी आमच्याकडून सगळं पहिल्यापासून करून घेतलं. त्यात शिकलो ते सांगतो.

पहिलं म्हणजे भीती. घोडं हे पळून जीव वाचवणारं जनावर. डोळे दोन बाजूंना, म्हणून आजूबाजूचं पुष्कळ दिसतं, पण कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या अगदी मागचं दिसत नाही. मागनं गुपचूप गेलात तर लाथ बसणारच. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जावं.

आवाजाची भीती काढायला त्या म्हातारीनंच मदत केली. पायाला प्लास्टर, ओट्यावर बसलेली. म्हणाली, "घोडी रोज इकडनं ने, मी टाळ वाजवते." पहिले आठ दिवस आम्ही गल्लीच्या टोकालाच उभे राहायचो. घोडीची मान सैल पडली की माघारी. दुसऱ्या दिवशी दोन पावलं पुढं. महिन्यानं घोडी ओट्याजवळ निवांत उभी राहायला लागली. मग दोन टाळ, मग पाच, मग पखवाज.

दुसरं, लगाम. सारखा ओढून धरला की घोडं त्याच्यावर जोर टाकतं. थोडा घ्यावा, आणि त्यानं ऐकलं की त्याच क्षणी सैल सोडावा. ते सैल सोडणं हेच त्याला बक्षीस. उधळलं तर एका बाजूचा लगाम हळूहळू घेऊन मोठ्या गोलात वळवावं नि गोल लहान करत आणावा. उभं राहिलं तर लगाम ढिला सोडून पुढं झुकावं, खाली आलं की चालतं करावं.

तिसरं, खोगीर. आधी घोंगडीचा वास घेऊ द्यावा, मग ती पाठीवर टाकावी, मग खोगीर. तंग एकेका भोकानं आवळावा. स्वारानंही पहिले काही दिवस पाठीवर नुसतं पोटावर आडवं पडून उतरावं. शिकलेलं घोडं अचानक उड्या मारायला लागलं, तर आधी खोगिराखाली हात घालून बघावं. घडी, काटा नाहीतर जखम सापडते.

चौथं, चंदी. हरभरा भरपूर आणि काम नाही, तर घोडं मस्तीला येतं. हातानं गूळ चारला की चावायची खोड लागते. तोबऱ्यात द्यावं. आणि माऊली, घोड्याला ओकता येत नाही. तुम्ही भक्तिभावानं पेढे, केळी, डाळ चारता. पोटशूळ उठला तर जीव जातो.

माऊलींच्या पालखीपुढं अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा, त्याच्यावर माऊली. ते अंकलीहून आळंदीला चालत येतात. सदाशिवनगरच्या रिंगणात एवढ्या गर्दीत, एवढ्या गजरात ते दौडतात आणि आपण टापांखालची माती कपाळाला लावतो. ते धावणं घटकाभराचं, पण त्याच्या मागं किती दिवसांचा सराव असतो, ते जनावर पाळणाराला कळतं.

घोडी नाही म्हणून आपलं रिंगण अडत नाही. पताकावाले धावतील, तुळशीवाल्या धावतील, विणेकरी धावतील. आमची घोडी पटांगणाच्या बाहेर लिंबाखाली उभी राहील, मोहरकी आमच्या नातवाच्या हातात. ती घाबरली तर तो तिला घरी नेईल. पुढच्या साली जरा जवळ आणू. तयार झाली की पांडुरंगाच्या इच्छेनं रिंगणात येईल. तोवर एवढंच करा: तिच्याभोवती गर्दी करू नका, तोंडासमोर मोबाईल धरू नका, काही चारू नका.

त्या म्हातारीचे टाळ तिच्या माघारी आमच्याकडं आले. नातू रोज संध्याकाळी गोठ्यापासून लांब बसून तेच वाजवतो. परवा घोडीनं वैरण खाता खाता नुसता एक कान वळवला आणि परत खायला लागली.

रामकृष्ण हरी!