पंधरा हजार टाक्यांची पिशवी

(घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियांच्या शिबिरात केलेलं भाषण)



वेणीच्या विणीची, खांद्याला अडकवायची लोकरीची पिशवी हा माझा आजचा विषय. कार्यक्रमपत्रिकेत तो 'हस्तकला' या सदरात छापलाय. मी तो 'मजुरी' या सदरात घेणार आहे. विणकाम म्हटलं की चळवळीतल्या बायका जरा नाक मुरडतात. मुलींना मान खाली घालून बसवून ठेवायची ती एक सोय होती, हे खरंच आहे. पण विणणं हे कामही आहे आणि कामाचे तास मोजता येतात.

आधी पिशवी समजून घेऊ. बारा इंच रुंद, बारा इंच उंच, दोन सारख्या बाजू आणि एक लांब पट्टा. आठ नंबरच्या सुया, मध्यम जाडीची लोकर. आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असते. पिशवीला ते बरंच, धुवायला सोपं. सुईवर ७२ टाके घालायचे. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलट, उलट, सुलट. म्हणजे कड वळत नाही. मधल्या ६६ टाक्यांत दोन उलट, सहा सुलट, दोन उलट, सहा सुलट असं जात शेवटी दोन उलट. परत येताना टाके जसे दिसतील तसे विणायचे.

सहा सुलट टाक्यांची एक वेणी, अशा आठ वेण्या. दर आठव्या ओळीला पीळ घालायचा. सहापैकी पहिले तीन टाके एका छोट्या जादा सुईवर काढून पुढे धरायचे, नंतरचे तीन विणायचे आणि मग धरलेले तीन. पुढे धरले तर वेणी डावीकडे वळते, मागे धरले तर उजवीकडे. जादा सुई नसेल तर मोठी सेफ्टी पिन चालते. कठीण काही नाही, पण लक्ष हवं.

पीळ पडला की वीण आत ओढली जाते. तेवढ्याच टाक्यांची साधी वीण बरीच जास्त रुंद भरली असती. म्हणजे वेणीच्या पिशवीला लोकरही जास्त, वेळही जास्त. त्या बदल्यात कापड जाड आणि दाट होतं. तरी अस्तर हवंच; नाहीतर किल्ल्या टाक्यांतून डोकं बाहेर काढतात आणि अहवालांच्या वजनाने पिशवी गुडघ्यापर्यंत लोंबते. पट्ट्यालाही आतून सुती पट्टी शिवायची, विणलेला पट्टा ताणतोच.

आता मोजू या. एका बाजूला ८४ ओळी. ७२ गुणिले ८४, म्हणजे ६,०४८ टाके. दोन बाजूंचे १२,०९६. पट्टा दहा टाक्यांचा, ३२० ओळींचा, म्हणजे ३,२००. एकूण १५,२९६ टाके. हात बसलेली बाई, पिळासाठी थांबणं धरून, मिनिटाला वीसेक टाके विणते. पावणेतेरा तास झाले. अस्तर बेतणं, शिवणं, बाजू जोडणं, लोकरीची टोकं आत लपवणं याला सव्वातीन तास. सोळा तास! आठ तासांचे दोन पूर्ण दिवस.

मी सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात काम करते, तिथल्या गटाला थंड हवेच्या ठिकाणच्या एका दुकानदाराने लोकर आणि अस्तर पुरवून या पिशवीचे नगाला १५० रुपये देऊ केले. भागाकार करा. तासाला साडेनऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्याच गावात निंदणीला बाईला दिवसाचे ३०० मिळतात. (पुरुषाला किती, ते विचारू नका.)

हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ताई, त्ये काय काम हाय व्हय? मालिका बघत बघत हुतंय." मला वाटतं, दुकानदाराचा दर या वाक्यावरच उभा आहे. मालिका बघत विणणाऱ्या मावशी भाकरीसाठी सुया खाली ठेवतात, नातू रडला की ठेवतात. मंद दिव्यात एक पीळ उलट्या बाजूला पडला तर आठ-दहा ओळी उसवतात. त्या उसवलेल्या ओळींचे पैसे कोण देतं? नगावर मजुरी म्हणजे सगळी उसवण बाईच्या खात्यावर.

टाके मोजणाऱ्या बाईवरून एक गोष्ट आठवते. ही वेण्यांची वीण आयर्लंडजवळच्या अरन बेटांच्या नावाने ओळखली जाते. तिथल्या प्रत्येक घराण्याची वीण वेगळी आणि समुद्रात बुडालेल्या माणसाची ओळख तिच्यावरून पटायची, असं सांगतात. स्वेटर खपवायला ही कथा फार उपयोगी पडली. तिला पुरावा मात्र नाही. तिचं मूळ बहुधा सिंज या नाटककाराच्या १९०४ सालच्या 'रायडर्स टू द सी' या नाटकात आहे. त्यात बुडालेल्या भावाचा मोजा बहीण ओळखते, पण घराण्याच्या विणीवरून नव्हे. मोजा तिनेच विणलेला असतो आणि किती टाके घातले, किती सुटले, हे तिच्या ध्यानात असतं. प्रत्यक्षात जाड वेण्यांचे ते स्वेटर बेटावरच्या बायकांनी विसाव्या शतकात विकण्यासाठी विणले, घरात रोख पैसा यावा म्हणून. दंतकथेत घराणं राहिलं, बाईची मजुरी गळाली.

कायद्याचं थोडक्यात सांगते. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात नगावर किमान दर ठरवायची तरतूद होती. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारी बाई कामगार मानली. सोलापूरच्या मैत्रिणींना हे सांगायला नको. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या कामाबद्दल १७७ क्रमांकाचा करार केला. अहमदाबादच्या 'सेवा'ने त्यासाठी जिवाचं रान केलं. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

मग आमच्या गटाने काय केलं? एकमत झालं नाही. सात जणींनी १५० रुपयांनीच काम घेतलं, कारण शेतात तेव्हा काम नव्हतं आणि शाळेची फी थांबणार नव्हती. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. बाकीच्या दुकानदाराकडे वही घेऊन गेल्या. मध्ये एकच जाड वेणी, बाजूला साधी वीण, अशी पिशवी दहा तासांत होते; तिचे त्यांनी ३७५ मागितले. तो २५० वर आला. तासाला पंचवीस, म्हणजे निंदणीपेक्षा कमीच. पण आठ वेण्यांच्या पिशवीला यापुढे ६०० खाली हात लावायचा नाही, हे त्या सात जणींनीही मान्य केलं आणि वहीत सह्या केल्या. दुकानदाराने ६०० ची मागणी अजून दिलेली नाही.

आता वह्या उघडा आणि चार रकाने आखा: तारीख, सुया हातात घेतल्याची वेळ, खाली ठेवल्याची वेळ, विणलेल्या ओळी. उसवलेल्या ओळी खोडायच्या नाहीत, त्याही धरायच्या. लोकर आणि सुया समोर टेबलावर आहेत. ७२ टाके घाला. त्याआधी घड्याळ बघा आणि वेळ लिहा.