वाहाका ते पॅसिफिक : एका घाटाची गोष्ट

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषयही त्यांचाच: "काका, तुमची ती मेक्सिकोची मोटरसायकल." तेव्हा बँकिंगवर बोलणार नाही, निर्धास्त बसा.

२०१४ साली मी मुलीकडे टेक्सासला होतो. वय ६४. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोला वेगळा लागत नाही हे मला कळलं आणि घरात वाद सुरू झाला. "बाबा, एकटे? आणि तिकडे?" जावई बोलला काही नाही, नुसत्या बातम्या दाखवत राहिला. बातम्या खोट्या नव्हत्या. त्याच सप्टेंबरात गेरेरो राज्यात ४३ विद्यार्थी नाहीसे झाले होते, आणि मला जायचं होतं ते त्याच्या शेजारच्या वाहाका राज्यात. पण ग्रामीण शाखांत असताना बुलेटवरून वसुलीला हिंडलेला माणूस मी. शेवटी तह झाला: अंधारात गाडी चालवायची नाही, आणि रोज मुक्कामावरून फोन.

वाहाका शहर समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर उंचीवर. तिथे २५० सीसीची गाडी भाड्याने घेतली. मृतांचा सण नुकताच, १ आणि २ नोव्हेंबरला, झालेला, जिकडेतिकडे झेंडू. आपण दसऱ्याला ज्याची तोरणं लावतो तो झेंडू मूळचा तिकडचाच, तसंच आपलं सीताफळ, पेरू, चिकू आणि मिरचीही. हे सगळं पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांच्या काळात इकडे आलं. त्यामुळे बाजारात परकं वाटलं नाही.

१७५ क्रमांकाच्या रस्त्याने निघालो. समुद्रापर्यंतचं अंतर अडीचशे किलोमीटरही नाही, पण मध्ये आडवी डोंगररांग. गाडी उजव्या बाजूने चालवायची, ते तासाभरात जमतं. जमत नाहीत ते 'टोपेस', म्हणजे गतिरोधक. रंग नाही, पाटी नाही. आपल्याकडच्यांचे सख्खे भाऊ! फरक एवढाच की तिथे प्रत्येक टोपेसवर एखादी बाई खायला विकत उभी असते.

मियाहुआत्लान गाव मागे पडलं आणि खरा घाट लागला. दुपारी साडेतीन वाजता एका वळणावर पाहतो तो रस्ता बंद. वीस-पंचवीस माणसं, हातात पहारी, फावडी, कोयते. मला ते ४३ आठवले. मागे फिरावं तर मियाहुआत्लान दूर, अंधाराला अडीच तास. छातीत चांगलंच धडधडलं, हे मुलीला मी अजून सांगितलेलं नाही. आज ती इथे नाही म्हणून सांगतो.

एक जण पुढे आला. लॉस एंजेलिसच्या हॉटेलांत आठ वर्षं भांडी घासून गावी परतलेला, म्हणून इंग्रजी बोलणारा. म्हणाला, दरड पडली आहे, बसा. सरकारी यंत्र कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा आम्हीच एक बाजू मोकळी करतोय. मी बँकवाला, पहिला प्रश्न विचारला, मजुरी किती? तो हसला. "तेकियो."

तेकियो म्हणजे गावासाठी बिनपगारी काम. शब्द जुन्या नावात्ल भाषेतला, अर्थच 'काम'. रस्ता, शाळेची भिंत, पाण्याची वाहिनी, सगळं असंच. राज्याच्या कायद्यातही त्याला मान्यता आहे. वाहाकात ५७० पालिका. त्यांतल्या चारशेहून अधिक ठिकाणी पक्षाचं तिकीट चालत नाही, गावसभा परंपरेप्रमाणे माणसं निवडते. निवडलं की नाही म्हणता येत नाही. सुरुवात निरोप्या म्हणून, पगार शून्य. परदेशी गेलेल्यांचं काय? ते बदली माणसाचे पैसे पाठवतात किंवा स्वतः परत येऊन आपली पाळी करतात. हा त्यासाठीच परतला होता. बायको-मुलं तिकडेच. पुन्हा सीमा ओलांडता येईल की नाही, ठाऊक नाही. "मग कशाला आलास?" मी विचारलं. म्हणाला, "नाव कटलं असतं. आई इथेच पुरली आहे."

माझ्या डोळ्यांसमोर आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आली. गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी, त्याच नऊ जणांत. असो.

मीही दगड उचलले, चार-पाचच. पाठ माझी ६४ वर्षांची. सव्वापाचला एक बाजू मोकळी झाली. त्यांनी आधी मलाच सोडलं, म्हातारा म्हणून. उजेडातच सान होसे देल पासिफिकोला पोचलो. उंची सुमारे अडीच हजार मीटर, थंडी महाबळेश्वरला लाजवणारी. फोन केला, "सगळं ठीक."

दुसऱ्या दिवशी उतार. शंभरेक किलोमीटरांत पाइन संपले, कॉफी आली, मग केळी, मग नारळ, आणि घामाच्या धारा. मासुन्ते या किनाऱ्यावर आठवडा राहिलो. या भागातली माणसं पूर्वी कासवं मारून जगत. कत्तलखाना शेजारच्याच गावात होता. १९९० साली सरकारने कायमची बंदी घातली आणि एका फटक्यात रोजगार गेला. आज तिथे कासवांचं संग्रहालय आहे, आणि गावकऱ्यांची सहकारी संस्था साबण, तेलं, क्रीम बनवते. कासव कोणतं? ऑलिव्ह रिडले. आपल्या वेळासला येतं तेच!

संस्थेचा हिशेब फळ्यावर लिहिलेला होता. सवयीने बेरीज करून पाहिली. बरोबर होती. साबणाच्या सहा वड्या घेतल्या, पावतीसह.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे.