आयमाउथचा दशमांश



स्कॉटलंडच्या आग्नेय टोकाला, इंग्लंडची हद्द जवळ येते तिथे आय नावाची लहानशी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी आयमाउथ हे कोळ्यांचं गाव आहे. तिथला वारसा समजून घ्यायचा असेल, तर आधी मासळीच्या दहाव्या हिश्श्याचा हिशेब पाहावा लागतो.

समुद्रातून जे हाती येईल त्याचा दशमांश अधिकृत चर्चच्या पाळकाला द्यायचा, असा तिथला जुना दंडक होता. पुढे 1843 साली स्कॉटलंडच्या या अधिकृत चर्चमध्ये मोठी फूट पडली. साडेचारशेहून अधिक पाळक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. लहान लहान गावांतूनही मग दोन-दोन, तीन-तीन प्रार्थनाघरं दिसू लागली. आयमाउथचे कितीतरी कोळी रविवारी दुसरीकडेच प्रार्थनेला जात. पण ज्या चर्चची पायरी चढायची नाही, त्याचा दशमांश त्यांना चुकत नव्हता. विल्यम स्पिअर्स नावाचा कोळी याविरुद्ध उभा राहिला आणि गाव त्याच्या पाठीशी राहिलं. बरीच वर्षं झगडा चालला. अखेर 1864 साली तडजोड झाली: कोळ्यांनी 2000 पौंड मोजावेत आणि दशमांशातून कायमचं सुटावं.

त्या काळी गरीब कोळ्यांच्या गावाला ही रक्कम डोईजड होती. तेव्हा बंदर अरुंद होतं, तोंडाशी हर्कर नावाचे खडक होते आणि ओहोटीला आत शिरणं अवघड. सुधारणेला पैसा हवा होता, आणि गाव दशमांशाचं देणं फेडत होतं. हे देणं नसतं तर बंदर आधीच सुधारलं असतं, असं काही अभ्यासक मांडतात. मला त्यांचं म्हणणं पटतं.

इथे घरच्या बायकांचं काम सांगितलंच पाहिजे. हॅडॉक मासा लांब दोरीवर पकडत, आणि एकेका दोरीला शेकडो गळ असत. बायका शिंपले फोडून आतलं मांस प्रत्येक गळाला टोचत. मग दोरी टोपलीत वेटोळी करून बसवत. गळात गळ अडकू नये म्हणून थरांमध्ये गवत घालत. एवढं करूनही दर्या खवळलेला असला, तर होड्या बंदरातच राहत आणि आमिष नासून जाई.

14 ऑक्टोबर 1881, शुक्रवार. वायुभारमापकाचा पारा खाली होता, पण सकाळ शांत होती. गळांना टोचलेलं आमिष वाया जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून होड्या बाहेर पडल्या. दुपारी अचानक अंधारून आलं आणि वादळ कोसळलं. परतणाऱ्या काही होड्या घराच्या अगदी समोर, हर्करच्या खडकांवर फुटल्या; किनाऱ्यावर जमलेल्या बायकापोरांना ते डोळ्यांदेखत पाहावं लागलं. साऱ्या किनाऱ्यावर मिळून 189 माणसं गेली. त्यातली 129 एकट्या आयमाउथची. ‘एरियल गझेल’ नावाची होडी मात्र बंदराकडे न वळता भर समुद्रात वादळाशी झुंजत राहिली आणि दोन दिवसांनी सुखरूप परतली. घरी तिच्यावरचे खलाशी मेले समजून शोक चालला होता, तो त्यांच्याच दारात थांबला.

वादळाला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1981 साली, गावातल्या जुन्या चर्चच्या इमारतीत संग्रहालय सुरू झालं. त्यासाठी स्थानिक बायकांनी भरतकामाचा एक मोठा पट तयार केला. त्यात बुडालेल्या होड्यांची आणि माणसांची नावं आहेत. ज्या अधिकृत चर्चने मासळीचा दहावा हिस्सा घेतला, त्याच्याच जुन्या वास्तूत कोळ्यांची नावं मानाने झळकली, आणि ती तिथे कोळ्यांच्याच लेकीसुनांनी लावली. मला हे फार मोलाचं वाटतं. स्कॉटलंडमध्ये आज अधिकृत चर्चच्या कितीतरी इमारती भाविकांअभावी बंद होत आहेत, विकल्या जात आहेत. अशा वेळी इमारत गावाच्या हाती राहिली, तर तिचं काय होऊ शकतं, हे आयमाउथने तेव्हा दाखवून दिलं.

एडिंबराला जाणाऱ्यांनी एक दिवस या किनाऱ्यासाठी राखून ठेवावा. गावच्या जुन्या दफनभूमीत मोडलेल्या डोलकाठीचं दगडी स्मारक आहे. समुद्राकाठी जिल वॉटसन या शिल्पकर्तीची छोटी कांस्यशिल्पं आहेत, समुद्राकडे पाहणाऱ्या बायका आणि मुलं. अशी शिल्पं जवळच्या बर्नमाउथ, सेंट ॲब्स आणि कोव्ह या गावांतही आहेत, कारण माणसं तिथलीही गेली होती. चारही गावं पाहा.